माणसाची नाडी सोडून मातीची नाडी पाहणारे डॉ. थेअर



गावातला एखादा मुलगा डॉक्टर झाला की सारे गाव पेढे खाते. तोच मुलगा शिकून सवरून शेतीत राहिला, तर बाप चारचौघांत विषय टाळतो. शेतीतून निघून दवाखान्यात बसणे ही चढती वाट आणि उलट येणे म्हणजे उतरती, असे आपण सगळ्यांनी मनाशी ठरवूनच टाकले आहे. म्हणून आज तुम्हाला अशा एका माणसाची हकीकत सांगतो, ज्याने चांगली चाललेली डॉक्टरकी आणि राजवैद्याचा हुद्दा सोडला आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी रेताड जमिनीचा सातबारा, म्हणजे तिकडचा जो काही कागद असेल तो, आपल्या नावावर करून घेतला. त्यांचे नाव अल्ब्रेख्त डॅनियल थेअर. कृषी पदविकेच्या वर्गात पीक फेरपालट, शेणखत आणि शेतीचा जमाखर्च हे जे विषय शिकवतात, त्यांची शास्त्रशुद्ध मांडणी युरोपात ज्यांनी पहिल्यांदा केली, त्यांत हे नाव अगदी वरचे आहे.

घराणेच डॉक्टरांचे

थेअर यांचा जन्म 14 मे 1752 रोजी उत्तर जर्मनीतील सेले या गावी झाला. त्या वेळी जर्मनी हा एक देश नव्हता, लहानमोठी संस्थाने होती. सेले हे हॅनोव्हर संस्थानात येई, आणि गंमत अशी की या संस्थानाचा राजा आणि इंग्लंडचा राजा एकच होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

वडील सेले येथे दरबारी वैद्य होते. मुलानेही तोच धंदा उचलायचा, यात विचारण्यासारखे काही नव्हते. गटिंगेनच्या विद्यापीठात शिक्षण झाले आणि 1774 मध्ये, बाविसाव्या वर्षी, थेअर डॉक्टर झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ज्वरामध्ये मज्जासंस्थेचे कार्य. म्हणजे तापाच्या रोग्यांची चिकित्सा हा त्यांचा अभ्यासाचा प्रांत. गावी परत येऊन त्यांनी वडिलांच्या बरोबरीने काम सुरू केले, पुढे शहराचे सरकारी वैद्य झाले आणि 1796 मध्ये तर राजाच्या वैद्यांत त्यांची नेमणूक झाली. नाव होते, पैसा होता, मान होता. बाहेरून बघणाऱ्याला यात खोट काढायला जागा नव्हती.

मग बिनसले कुठे?

हे समजून घ्यायचे तर त्या काळची डॉक्टरकी समजून घेतली पाहिजे. रोग जंतूंमुळे होतात हे पाश्चर आणि कॉख यांनी सिद्ध केले ते 1860 ते 1880 च्या दशकांत, थेअर वारल्यावर तीसहून अधिक वर्षांनी. भूल देऊन शस्त्रक्रिया करणे 1846 नंतरचे. थेअर यांच्या हाती काय होते? शीर कापून रक्त काढणे, उलटीचे आणि जुलाबाचे औषध, अफू आणि सिंकोनाची साल. बस्स. विषमज्वर असो की प्रसूतीनंतरचा ताप, डॉक्टर उशाशी बसून राहायचा, आणि रोगी वाचला तर आपल्या अंगच्या ताकदीने वाचायचा.

काही डॉक्टर याची सवय करून घेतात. थेअर यांना ती झाली नाही. ते मनाने हळवे होते. रोगी हातचा गेला की ते त्यांना लागून राही. रात्री-अपरात्री बोलावणे, वर्षानुवर्षे माणसांची दुखणी बघणे, आणि आपल्या औषधाने फार थोडे होते ही आतली जाणीव, या तिन्हींचा भार मिळून मनावर बसला. धंदा जितका वाढला तितका हा भारही वाढला. यशस्वी डॉक्टरच्या आत एक थकलेला माणूस बसला होता, असे म्हणा ना.

आजही तापाच्या साथीत किंवा अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या डॉक्टरांची हीच तक्रार ऐकू येते. औषधे बदलली, यंत्रे आली, पण जीव जाताना पाहण्याचे ओझे काही बदललेले नाही.

वाफ्यापासून शिवारापर्यंत

मन रमवायला थेअर यांनी फुलझाडे लावली. आज आपल्याकडे पॉलिहाऊसमध्ये जे कार्नेशन घेतात, त्याच कुळातली फुले आणि ऑरिक्युला नावाचे एक फूलझाड. बियाणे पेरायचे, वेगळ्या रंगाचे रोप निघाले की निवडून ठेवायचे, त्याची नोंद करायची. इथे त्यांना एक गोष्ट मिळाली जी दवाखान्यात मिळत नव्हती. रोपाला आज जे केले त्याचा परिणाम हंगामात डोळ्यांना दिसे. चुकले तर पुढच्या वर्षी दुरुस्त करता येई. रोग्याच्या बाबतीत दुसरी संधी मिळत नाही, वाफ्यात मिळते.

वाफ्यातून बाग झाली, आणि बागेतून शेत. 1786 मध्ये त्यांचे लग्न फिलिपीन फोन व्हिलिश यांच्याशी झाले. त्याच सुमारास गावाबाहेर आलर नदीच्या बाजूला त्यांनी जमीन घेतली आणि वाढवत नेली. सेले येथे 1764 पासून एक शेतीमंडळ होते, त्याचे ते सभासद झाले आणि लवकरच कार्यकारी मंडळात गेले.

आता इथे जरा थांबा. दवाखाना बंद करून ते एके दिवशी शेतात गेले, असे झालेले नाही. सकाळ-संध्याकाळ रोगी आणि मधल्या वेळात शेत, असे जवळजवळ वीस वर्षे चालले. शेतीतल्या चुका डॉक्टरकीच्या मिळकतीने सोसल्या. नवे पीक फसले म्हणून घरची चूल विझली नाही. नोकरी किंवा धंदा सोडून शेतीकडे वळू पाहणाऱ्या तरुणांनी ही वीस वर्षे विसरू नयेत. लोक शेवटची उडी तेवढी सांगतात, आधीची तयारी सांगत नाहीत.

तिसरा तुकडा पडीक

त्या वेळी तिकडची शेती कशी होती? गावच्या शिवाराचे तीन भाग पाडलेले. एकात हिवाळी धान्य, बहुधा राय. दुसऱ्यात उन्हाळी धान्य, म्हणजे जव किंवा ओट. तिसरा भाग वर्षभर पड. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. शेकडो वर्षे हेच. जनावरे गावकीच्या कुरणावर आणि पडीत चरायची, त्यामुळे शेण रानोमाळ पडायचे आणि खताच्या खड्ड्यात थोडेच यायचे. खत कमी म्हणून पीक कमी, पीक कमी म्हणून वैरण कमी, वैरण कमी म्हणून जनावरे खंगलेली, आणि जनावरे खंगलेली म्हणून पुन्हा खत कमी. हे दुष्टचक्र तुम्हाला ओळखीचे वाटेल.

थेअर यांनी हे चक्र रोगासारखे तपासले. दुखणे एका ठिकाणी दिसते आणि मूळ दुसरीकडे असते, हे डॉक्टरला शिकवावे लागत नाही. त्यांचे निदान असे की मूळ वैरणीत आहे. पड ठेवायची तिथे क्लोव्हर लावा. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचे भावंड, द्विदल चारा. जोडीला बटाटा, सलगम यांसारखी निंदणी-खुरपणीची पिके घ्या, म्हणजे तण मरेल आणि जमीन भुसभुशीत राहील. जनावरे मोकाट न सोडता गोठ्यात बांधून खायला घाला, म्हणजे शेण-मूत सगळे हाती येईल. धान्यावर धान्य न घेता मध्ये पानाळ किंवा द्विदल पीक घ्या.

आपले जुने लोक यालाच बेवड म्हणतात. तुरीच्या बेवडावर ज्वारी चांगली येते, हे सांगायला आपल्या आजोबांना जर्मनीला जावे लागले नाही. पण तिकडच्या खेड्यांत ही गोष्ट रुजली नव्हती, आणि ती का लागू पडते, किती लागू पडते, हे मोजून कोणी मांडले नव्हते. द्विदल पिकाच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र धरतात, हा शोध तर हेलरिगेल आणि व्हिलफार्थ यांनी 1886 ते 1888 या काळात लावला. थेअर यांना कारण ठाऊक नव्हते, परिणाम मात्र त्यांनी मोजून ठेवला होता.

न पाहिलेल्या देशाचे पुस्तक

इंग्लंडात, विशेषतः नॉरफोकमध्ये, सलगम, जव, क्लोव्हर आणि गहू अशी चार वर्षांची फेरपालट चालू होती. राजा एकच असल्यामुळे इंग्रजी पुस्तके हॅनोव्हरमध्ये सहज मिळत. थेअर यांना इंग्रजी येत होते. आर्थर यंग आणि इतरांचे लेखन त्यांनी बारकाईने वाचले, ताडून पाहिले, आपल्या शेतात करून पाहिले आणि 1798 मध्ये इंग्लिश शेतीची ओळख करून देणाऱ्या ग्रंथाचा पहिला खंड छापला. 1804 पर्यंत तीन खंड झाले. विशेष म्हणजे त्यांनी इंग्लंडात कधी पाऊल ठेवले नव्हते. पण वाचलेले जसेच्या तसे न उचलता आपल्या हवामानाला आणि मातीला काय मानवेल हे त्यांनी सांगितले, म्हणून पुस्तक गाजले. लोक शेत पाहायला येऊ लागले. 1802 मध्ये त्यांनी सेले येथेच शेतीचे शिक्षण देणारी शाळा काढली.

तोवर शेती शिकण्यासाठी शाळेत जायचे ही कल्पनाच नवीन होती. शेती बापाकडून शिकायची किंवा मुकादमाकडून. आज आपल्याकडे कृषी विद्यापीठे, कृषी विद्यालये आणि पदविका अभ्यासक्रम आहेत. युरोपात या वाटेवरचे एक पहिले पाऊल त्या सेलेच्या शाळेत पडले.

दवाखान्याला कायमचा रामराम

1803 मध्ये फ्रेंच फौजांनी हॅनोव्हर घेतले. सगळीच घडी विस्कटली. त्याच सुमारास शेजारच्या प्रशिया राज्याचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने थेअर यांना बोलावले. ओडर नदीच्या खोऱ्यात 400 मॉर्गेन, म्हणजे आपल्या मापाने सुमारे अडीचशे एकर जमीन त्यांना देऊ केली. 1804 मध्ये थेअर यांनी गाव सोडले, आणि डॉक्टरकीही सोडली. मिळालेली जमीन विकून त्यांनी बर्लिनच्या पूर्वेला म्योग्लिन नावाची जागीर घेतली.

म्योग्लिनची जमीन हलकी, वाळूमिश्रित. काळी कसदार नव्हे. पण शिकवणाऱ्याला एक फायदा होता. भारी जमिनीत पीक आणून दाखवले तर लोक म्हणतात जमीन चांगली होती. हलक्या जमिनीत आणले तर पद्धत चांगली होती, हे मान्य करावे लागते.

1806 च्या शरद ऋतूत म्योग्लिनची शेतीशाळा सुरू झाली, आणि त्याच वेळी 14 ऑक्टोबरला येना येथे नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला. फ्रेंच फौजा बर्लिनमध्ये शिरल्या. राज्यावर खंडणी बसली, धान्य आणि जनावरे उचलली गेली, पैशाची टंचाई झाली. नवी जमीन, नवी शाळा, पन्नाशी उलटलेली, आणि मागे वळावे तर घरचे संस्थानही परक्याच्या ताब्यात. अशा वेळी पुन्हा दवाखाना उघडणे सोपे होते, कारण लढाईच्या काळात डॉक्टरला काम कधी कमी पडत नाही. थेअर यांनी ते केले नाही. शाळा चालू ठेवली, शेत चालू ठेवले, आणि लिहायला बसले.

चार खंड आणि एक खतावणी

1809 ते 1812 या काळात त्यांचा मोठा ग्रंथ चार खंडांत निघाला. नाव, शास्त्रशुद्ध शेतीची तत्त्वे. पुढे त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली, इंग्रजीत तो 1844 मध्ये आला.

या ग्रंथाची सुरुवातच आजच्या शेतकऱ्याने वाचावी अशी आहे. थेअर सांगतात की शेती हा एक धंदा आहे आणि तो नफ्यासाठी करायचा असतो. मात्र नफा एका वर्षाचा धरायचा नाही. जमिनीचा कस टिकून वर्षानुवर्षे मिळत राहील तो खरा नफा. एका हंगामात जमीन पिळून काढली आणि पुढचे पीक बुडाले, तर त्यांच्या हिशेबाने तो तोटाच.

म्हणून त्यांनी शेतीला व्यापाऱ्यासारखी कीर्द-खतावणी लावली. प्रत्येक पिकाचे खाते वेगळे, गोठ्याचे वेगळे. गोठ्याने शेताला खत दिले तर ते गोठ्याच्या नावे जमा आणि शेताच्या नावे खर्च. शेताने वैरण दिली तर उलटे. असे केल्यावर कुठले पीक खरोखर पैसा देते आणि कुठले नुसते दिसायला भरघोस आहे ते उघडे पडते. आपल्याकडे दूध डेअरीचा पगार हातात आला की म्हैस फायद्यात आहे असे आपण समजतो. घरच्या कडब्याची किंमत कोण लावतो? थेअर लावत होते.

मातीचेही त्यांनी वर्ग पाडले. चिकणमाती किती, वाळू किती, चुनखडी किती, कुजलेला सेंद्रिय अंश किती, यावरून जमिनीची प्रत आणि किंमत ठरवायची. या कामात आइनहोफ नावाचे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या मदतीला होते. माती परीक्षणाची पत्रिका आज तुमच्या हातात येते, तिच्या पूर्वजांत हे काम मोडते. रोग्याला हात लावण्याआधी तपासणी आणि तपासणी झाली की नोंद, ही डॉक्टरची शिस्त त्यांनी शेतात आणली.

गुरूची चूक शिष्याने दाखवली

आता दुसरी बाजू. थेअर यांचे मत असे होते की पिकाचे मुख्य अन्न म्हणजे जमिनीतला ह्यूमस, कुजून तयार झालेला काळा सेंद्रिय भाग. मुळे तो शोषून घेतात आणि त्यावर पीक पोसते, असे ते शिकवत. हे चुकीचे निघाले.

ते दाखवणाऱ्यांत पहिला होता त्यांचाच विद्यार्थी, कार्ल श्प्रेंगेल. सेलेच्या शाळेपासून थेअर यांच्या हाताखाली शिकलेल्या या माणसाने 1826 आणि 1828 च्या लेखांतून मांडले की पिकाला नत्र, स्फुरद, पालाश, चुना अशी खनिज द्रव्ये लागतात, आणि त्यांतले एक जरी कमी पडले तरी बाकीची असून उपयोग होत नाही. 1840 मध्ये लीबिग यांच्या ग्रंथाने हाच विचार जगभर पोचवला आणि थेअर यांचा ह्यूमस सिद्धांत मागे पडला.

म्हणजे कारण चुकले होते. उपाय मात्र लागू पडत होता. शेणखत, द्विदल आणि फेरपालट यांनी जमीन सुधारत होती, फक्त ती का सुधारते याचे उत्तर वेगळे होते. आणि पुढे काय झाले तेही आपण पाहतो आहोत. खनिज द्रव्यांचा सिद्धांत बरोबर म्हणून नुसत्या रासायनिक खतांवर भर दिला, तर सेंद्रिय कर्ब घटतो, जमीन कडक होते, पाणी धरत नाही. आज माती परीक्षणाच्या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर सेंद्रिय कर्बाचाही आकडा असतो. एक बाजू श्प्रेंगेल आणि लीबिग यांची, दुसरी थेअर यांची. पिकाला दोन्ही लागतात.

त्यांच्या हाताखालून आणखी एक नामवंत गेला, योहान हाइनरिश फोन थ्युनेन. बाजारापासून शेत किती लांब आहे यावर कुठले पीक परवडते हे ठरते, असे त्याने 1826 च्या ग्रंथात हिशेबाने मांडले. भाजीपाला शहराजवळ आणि धान्य लांब का पिकते, याचे ते उत्तर. शाळा चांगली असली की शिष्य गुरूच्या पुढे जातात, ते असे.

लोकरीपासून कायद्यापर्यंत

1810 मध्ये बर्लिनचे विद्यापीठ सुरू झाले आणि थेअर तिथे शेतीचे प्राध्यापक झाले. हिवाळ्यात बर्लिन, उन्हाळ्यात म्योग्लिन, असा क्रम काही वर्षे चालला. सरकारातही त्यांचा सल्ला घेतला जाई. प्रशियात 1807 च्या फर्मानाने शेतकऱ्यांची पिढीजात बांधिलकी संपवायचे ठरले होते. पाठोपाठ 1811 मध्ये शेती सुधारणेचा कायदा आला, त्याच्या तयारीत थेअर यांचा हात होता.

हलक्या जमिनीवर दुसरा जोडधंदा हवा म्हणून त्यांनी मेरिनो मेंढ्या पाळल्या. निवड पद्धतीने कळप इतका सुधारला की लोक त्यांना लोकरीचा राजा म्हणू लागले. 1823 मध्ये लाइपझिग येथे लोकर उत्पादकांची परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. 1824 मध्ये त्यांचा मोठा सत्कार झाला, आणि त्यासाठी जर्मनीचा महाकवी गटे याने गीत लिहून दिले.

26 ऑक्टोबर 1828 रोजी म्योग्लिन येथेच त्यांचे निधन झाले. बर्लिन आणि लाइपझिगमध्ये त्यांचे पुतळे उभे राहिले. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील शेतीशास्त्राची संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आपण यातून काय घ्यावे

एखाद्याला वाटेल, राजाने जमीन दिली म्हणून जमले. थोडेफार खरे आहे. राजाश्रय सर्वांना मिळत नाही. पण राजाने बोलावले ते वीस वर्षांचे शेत आणि छापलेले पुस्तक पाहून, हेही तितकेच खरे.

तेव्हा तुमच्या गावात कोणी शहरातली नोकरी किंवा धंदा सोडून शेतीत यायचे म्हणत असेल, मग तो डॉक्टर असो, मास्तर असो वा इंजिनिअर, तर त्याला हसू नका आणि एकदम हरभऱ्याच्या झाडावरही चढवू नका. त्याला एवढेच सांगा, की आधी दहा गुंठ्यांवर करून बघ. मिळकतीचा दुसरा आधार लगेच तोडू नको. पहिल्या दिवसापासून वही घाल आणि घरच्या मजुरीची, घरच्या वैरणीची किंमत त्यात मांड. मातीची तपासणी करून घे. आणि आधीच्या धंद्यात जी शिस्त शिकलास ती सोबत आण, कारण ती वाया जात नाही.

ग्रामसेवक, तलाठी आणि सहकारी सोसायटीच्या सचिवांनाही विनंती आहे. असा माणूस गावात आला तर त्याच्या शेतातल्या नोंदी बघायला चार शेतकऱ्यांना घेऊन जा. त्याचे पीक फसले असले तरी जा. फसलेल्या पिकाची लिहून ठेवलेली नोंद ही साऱ्या गावाच्या कामाची असते. थेअर यांचा सिद्धांत चुकला, तरी त्यांच्या शाळेतून तो दुरुस्त करणारा माणूस निघाला, तो अशाच नोंदींच्या शिस्तीतून.

खरीप तोंडावर आहे. बांधावर उभे राहून या वर्षी कुठल्या तुकड्यात कशाचा बेवड आहे, तेवढे आजच वहीत लिहून ठेवा.